टाइमलॅप्स करायचाय? आधी दिशा ठरवा

मंडळी, टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक वेळाने काढलेले रात्रीच्या आकाशाचे फोटो जोडून केलेला व्हिडिओ, म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सर कॅमेरा कोणता घेऊ? कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी सांगा त्याचं तोंड कुठे करणार आहात. व्हिडिओत आपण आकाशाची चाल दाखवतो आणि ती चाल प्रत्येक दिशेला वेगळी असते.

आपलं नागपूर साधारण 21 अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून 21 अंशच वर, दिल्लीपेक्षा खाली. उत्तरेला लावला तर सप्तर्षी आणि शर्मिष्ठा ध्रुवताऱ्याभोवती फिरतात, पण फेरीचा खालचा भाग क्षितिजाखाली जातो. पूर्वेला लावला तर मृग जवळपास उभाच चढतो, जरासा दक्षिणेकडे कलून, झाडांमागून असा सरसर वर येतो की बघतच राहावं! दक्षिणेला अगस्त्य तारा, आपल्याकडून जेमतेम 16 अंश उंच जातो, छोटीशी कमान करून मावळतो. माझी आवडती दिशा आग्नेय, मार्च-एप्रिलात मध्यरात्रीनंतर, वृश्चिक पुढे आणि त्याच्या मागून धनु राशीतला आकाशगंगेचा दाट पट्टा. जूनपासून ढग, मग विसरा.

सीताबर्डीच्या उजेडात हा पट्टा दिसणार नाही, त्यासाठी पेंचचं जंगल गाठा. जानेवारी 2024 मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, जाहीर केलं, सिल्लारीसारख्या आसपासच्या गावांमधले दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवला, ही आपल्या विदर्भासाठी केवढी मोठी गोष्ट आहे. रात्री जंगलात जायचं नाही हं, गावाच्या कडेला, जिथे उतरलात तिथल्या मालकाला विचारून ट्रायपॉड लावायचा.

आता हिशोब. व्हिडिओत सेकंदाला 25 फोटो लागतात, 10 सेकंदांसाठी 250. 20 सेकंदांचं एक्सपोजर (एका फोटोसाठी सेन्सरवर प्रकाश पडतो तो वेळ) आणि 5 सेकंदांचा गॅप धरला तर पावणेदोन तास झाले, तेवढ्यात आकाश 26 अंश सरकतं. एक्सपोजर किती ठेवायचं तर 500 ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर आधी मिलिमीटरला दीडने गुणा, अशा सेन्सरवर 18 चा लेन्स असेल तर 18 सेकंदांच्या आसपास येतं, त्याच्या पुढे तारे लांबट होतात. फोकस मॅन्युअल, एखाद्या ठळक ताऱ्यावर स्क्रीन झूम करून, मग रिंगला टेप लावा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, नाहीतर मध्येच रंग बदलतो. लाँग एक्सपोजरचं नॉइज रिडक्शन (फोटोतले ठिपके कॅमेऱ्यातच काढायची सोय) पण बंद, कारण प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आणखी घेतो आणि चाल तुटते.

पण मग आपल्या उन्हाळ्याचं काय, रात्री पण सेन्सर तापतो, फोटोत लाल-निळे ठिपके येतात. ते एकाच जागी बसलेले असतात आणि तारे सरकतात, म्हणून ओळखू येतात. शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगला दहा-बारा काळे फोटो घ्या, सॉफ्टवेअरमध्ये ते वजा करता येतात. थंडीत उलटं, लेन्सवर दव बसतं, तिथे दव घालवायचा हीटर पट्टा लावावा लागतो.

तारीख अमावास्येच्या आगेमागेच धरा, निघायच्या आधी स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपवर त्या रात्रीचं आकाश बघून घ्या. आणि पहिला व्हिडिओ हिवाळ्यात घरच्या गच्चीवरून मृगाचा करा, तो शहराच्या उजेडातून पण दिसतो. गच्चीवर मात्र एक्सपोजर कमी करावं लागेल, दोन-तीन सेकंदांपासून सुरू करा.