उभ्या पायांचं इंदूर: फुगलेल्या नसा आणि त्यांचं ऑपरेशन

(दृश्य: सराफा, रात्रीचे अकरा)

सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडली की सराफ्यात त्याच ओट्यांसमोर कढया चढतात, गराडू, भुट्ट्याचा कीस, मालपुए, आणि इंदूरचे आपले लोक अर्ध्या रात्रीपर्यंत खात उभे. आज कॅमेरा ताटलीवर नाहीये, जरा खाली घेतलाय. कढईच्या मागचे पाय बघा. संध्याकाळपासून एका जागी उभा असलेला हा माणूस थेट दुकान आवरतानाच बसणार, आणि पँटची मोरी वर सरकली की दिसतं, पोटरीवर वळणं घेत उतरलेली जाड निळी नस, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी, कडक, खाजवून खाजवून चकाकलेली.

काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे भिया, थकवा आहे, तेल चोळून पाय उशीवर ठेवले की सकाळी मोकळं."

सकाळी मोकळं वाटतं हे खरंच आहे. आडवं झालं की नसेतलं प्रेशर उतरतं, सूज उतरते, आणि म्हणूनच माणूस दहा-दहा वर्षं डॉक्टरकडे जात नाही. राजवाड्याच्या चौकातला ट्रॅफिक पोलीस, सलूनवाला, वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या बाई, रामबागेत चार घरच्या पोळ्या करणाऱ्या मावशी, सगळ्यांचं हेच. नुसतं उभं राहिल्यानेच होतं असंही नाही हं, घरात आईला किंवा मोठ्या काकांना अशा फुगलेल्या नसा असतील तर चान्स वाढतो, बाळंतपणं, वजन, वय हे सगळं त्यात येतंच.

(दृश्य: पायाचं चित्र, घोट्यापासून जांघेपर्यंत एक रेघ)

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चाललं की पोटरी आवळते, आतल्या मोठ्या नसा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून नसेत जागोजागी बारीक व्हॉल्व्ह असतात, एकाच दिशेने उघडणारे. स्तब्ध उभं राहिलं तर घोट्यापाशी नसेतलं प्रेशर साधारण 90 मिलिमीटरपर्यंत जातं, आपण बीपी मोजतो तेच माप, आणि चालायला लागलं की ते 30 च्या आसपास उतरतं. म्हणजे दिवसभर फिरणाऱ्यापेक्षा एका जागी खिळलेल्याचे पाय जास्त भोगतात.

आता कातडीखालून एक लांब नस जाते, घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीतून थेट जांघेपर्यंत, आणि तिथे ती आतल्या मोठ्या नसेला मिळते. बहुतेकांचा घोळ या जांघेतल्या जोडापाशीच असतो. तिथला व्हॉल्व्ह सैल पडला की वर चढलेलं रक्त परत खाली कोसळतं, मग त्याखालचा व्हॉल्व्ह ताणतो, मग त्याखालचा, आणि शेवटी पोटरीतल्या फांद्या फुगून वेड्यावाकड्या होतात. आपल्याला त्या फांद्या दिसतात. सर्जन आधी बघतो जांघ. पोटरीवरच्या तेवढ्या नसा काढून टाका म्हणणारे पेशंट खूप येतात, पण वरची गळती तशीच ठेवून खालच्या काढल्या तर नव्या फुगायला वेळ लागत नाही.

(दृश्य: डॉप्लरची खोली)

म्हणून डॉप्लर, म्हणजे नसेतलं रक्त कुठे वाहतंय हे दाखवणारी सोनोग्राफी. आणि ती उभं करून व्हायला हवी, हे नीट लक्षात ठेवा, कारण झोपवून केली तर गळती लपून जाऊ शकते. जेल लावलं, प्रोब जांघेत टेकवला, दुसऱ्या हाताने पोटरी दाबली, स्क्रीनवर रक्त एका रंगात वर गेलं, पोटरी सोडली आणि दुसरा रंग उमटला, तो उलटा प्रवाह. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर व्हॉल्व्ह गळतोय. त्याच वेळी आतल्या खोल नसा उघड्या आहेत ना हेही बघतात. पूर्वी कधी गुठळी होऊन त्या बंद पडल्या असतील तर हीच कातडीखालची नस रक्ताला वाट देत असते, आणि मग तिला हात लावायच्या आधी डॉक्टर दहादा विचार करतात.

इथे प्रत्येक पेशंट एक प्रश्न विचारतोच, अगदी शिकलेला असला तरी: नस बंद केली तर रक्त जाणार कुठून? तर पायातलं जवळपास 90 टक्के रक्त तसंही आतल्या खोल नसांमधूनच जातं. राजवाड्यामागची एक खचलेली गल्ली बंद केली तर गाड्या मोठ्या रोडने जातात, उलट गल्लीतला तुंबलेला जाम सुटतो, तसंच. बंद केलेली नस काही कामाची उरलेली नसतेच, ती उलटी वाहत असते. चांगली असती तर ती राखून ठेवायची चीज आहे, हृदयाच्या बायपासला याच नसेचा तुकडा घेतात.

(दृश्य: जुन्या ऑपरेशनची रेखाचित्रं)

दुखणं जुनं आहे. रोमचा सेनापती मारियस, त्याची गोष्ट प्लूटार्कने लिहून ठेवलीय, बांधून न घेता त्याने एका पायाच्या फुगलेल्या नसा कापून काढू दिल्या, हूं की चूं केलं नाही, आणि वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तर म्हणाला राहू दे, एवढं सोसण्यासारखा फायदा दिसत नाही. मला तरी यात त्याच्या शौर्यापेक्षा त्याचा हिशोब जास्त पटतो.

पुढे 1890 च्या आसपास जर्मनीत ट्रेंडेलेनबर्गने मांडीत ही नस बांधायला सुरुवात केली, आणि 1905 ते 1907 या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी नस ओढून काढायच्या आपापल्या पद्धती आणल्या. स्ट्रिपिंग म्हणतात ते हेच. कमरेत इंजेक्शन, जांघेत छोटा छेद, जोड बांधून तोडायचा, नसेतून लांब तार खाली सरकवायची, गुडघ्याखाली ती बाहेर काढायची आणि नस तारेला बांधून ओढून घ्यायची. घोट्यापर्यंत सहसा ओढत नाहीत, कारण गुडघ्याखाली नसेला चिकटून एक संवेदनेची नर्व्ह जाते, ती दुखावली तर पायाचा आतला भाग बधिर राहतो. मग मांडी काळीनिळी, चार दिवस लंगडणं, पण काम चोख होतं.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर, सोनोग्राफीचा स्क्रीन)

1999 पासून चित्र पालटलं. आता बहुतेक वेळा नस काढत नाहीत, आतून जाळून बंद करतात. गुडघ्याजवळ सुई टोचून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आत, सोनोग्राफीवर बघत बघत वर जांघेपर्यंत, टोक जोडापासून साधारण दोन सेंटीमीटर अलीकडे थांबवायचं. मग सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं काम, नसेच्या भोवती सलाईनमध्ये मिसळलेलं भूलीचं औषध भरत जायचं, जागोजागी टोचून. त्याने दुखत नाही, नस कॅथेटरवर आवळली जाते आणि कातडी आतल्या उष्णतेपासून लांब राहते. रेडिओफ्रिक्वेन्सीवाल्या कॅथेटरचा सात सेंटीमीटरचा टप्पा 120 डिग्रीला वीस सेकंद तापतो, मागे सरकवा, परत वीस सेकंद. लेझरमध्ये फायबर हळूहळू ओढत आणतात. पोटरीवरच्या फुगलेल्या फांद्या दोन-तीन मिलिमीटरच्या भोकांतून हुकने उचलून काढतात, टाकेसुद्धा लागत नाहीत. पेशंट त्याच दिवशी चालत घरी, आणि चालायलाच सांगतात, कारण पडून राहिलं तर गुठळीची भीती.

ग्लूपण आलाय, फेविक्विकच्या कुळातलंच केमिकल, पण शरीरात वापरायला बनवलेलं. आणि फोम, दोन सिरिंजमध्ये औषध आणि हवा घुसळून केलेला फेस, वेड्यावाकड्या नसांना आणि परत आलेल्यांना बरा पडतो.

आता थोडं स्पष्ट बोलतो. "टाका नाही, दुखणं नाही, अर्ध्या तासात घरी" असे बोर्ड रिंग रोडवर बरेच दिसतात. खोटं नाहीये ते, पण अर्धवट आहे. फार वाकडी नस असेल तर फायबर वर सरकतच नाही. इंग्लंडच्या 2013 च्या गाइडलाइनमध्ये पहिला नंबर जाळण्याला, मग फोम, मग ऑपरेशन, असा क्रम आहे, तरी स्ट्रिपिंग म्हणजे मागासलेलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, चांगल्या हातचं स्ट्रिपिंग वर्षानुवर्षं टिकतं. आणि नुसत्या जाळीसारख्या बारीक लाल-निळ्या रेषा असतील, दुखत नसेल, डॉप्लर स्वच्छ असेल, तर ऑपरेशनची काही गरज नाही, कुणी घाई करत असेल तर दुसरीकडे दाखवा.

(दृश्य: लोकमान्यनगर, एक जुनं घर, पाटावर ठेवलेला पाय)

घाई करायची ती इथे. या आजींच्या घोट्याच्या आत रुपयाएवढी जखम आहे, भरते, परत उघडते. मुलाने मलमं आणली, शेजारणीने हळद सांगितली, शुगर तपासली तर नॉर्मल. कारण वर जांघेत, म्हणून खालची मलमं हरत गेली. आधी पट्टी बांधून जखम भरू द्यायची आणि मग नसेचं बघायचं अशी पद्धत होती, पण 2018 मध्ये ब्रिटनमधल्या 450 पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यात पट्टीसोबत नस लवकर बंद केलेल्यांच्या जखमा साधारण 56 दिवसांत भरल्या आणि थांबलेल्यांच्या 82 दिवसांत. आजींची तारीख लागलीय. त्या विचारत होत्या, नवरात्रात उभं राहता येईल ना?

स्टॉकिंग्ज, म्हणजे पायाला दाब देणारे घट्ट लांब मोजे, मात्र चुकत नाहीत. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवायचे, आणि मे महिन्यात इंदूरच्या उन्हात ते घालणं म्हणजे शिक्षा आहे हे डॉक्टरलाही माहीत असतं, तरी सांगतात. शुगरवाल्यांनी किंवा ज्यांना चालताना पोटऱ्या आखडतात त्यांनी आधी पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्यावी, धमनी अरुंद असेल तर घट्ट स्टॉकिंग नुकसान करतो.

आणि कधी फुगलेली नस फुटलीच, न्हाणीघरात नख लागून वगैरे, तर रक्त बघून घाबरायला होतं, धार लागते. घरचे लोक अशा वेळी पेशंटला खुर्चीत बसवतात आणि मांडीला दोरी आवळतात, दोन्ही चूक. तिथेच आडवं करा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडाने बोटांनी दाबून ठेवा दहा मिनिटं, मध्येच उघडून बघू नका. थांबलं की पट्टी बांधून हॉस्पिटल, नाही थांबलं तर दाबलेलंच ठेवून हॉस्पिटल.