हिरड्यांचं दुखणं आणि हृदयाची झडप

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात एक काका माझ्या दातांच्या दवाखान्यात आले. साठीच्या आसपासचे, शेतकरी. हृदयाची एक झडप बदललेली, तिथं धातूची कृत्रिम झडप बसवलेली. सोबत मावशी होत्या. तक्रार त्यांनीच सांगितली, तोंडाला फार वास येतो म्हणून. मी आरशानं आत पाहिलं आणि विचारलं, "काका, ब्रश करता ना?" ते म्हणाले, "ऑपरेशनपासून बंद केलाय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. ब्रश लावला की रक्त येतं, आणि रक्त येऊ द्यायचं नाही असं सांगितलंय."

आठ महिने ते नुसती चूळ भरत होते. जपा, असं त्यांना सांगणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पण तोंडाचं काय करायचं, हे कुणी बोललंच नव्हतं. आणि ज्या झडपेसाठी ते इतकं जपत होते, तिलाच त्या न घासलेल्या दातांपासून धोका होता.

तो कसा, ते सांगते. आपण जेवतो, दात घासतो, तेव्हा तोंडातले थोडे जंतू हिरडीवाटे रक्तात शिरतातच. निरोगी माणसाचं शरीर काही मिनिटांत त्यांचा निकाल लावतं. हिरड्या सुजलेल्या असल्या की जंतू जास्त शिरतात, वारंवार शिरतात. कृत्रिम झडपेवर ते चिकटून बसू शकतात आणि तिथंच वाढतात. या आजाराला एंडोकार्डायटिस म्हणतात. तो जिवावर बेततो. सुरुवात मात्र साधी असू शकते: बारीक ताप, रात्री घाम, भूक नाही, असं आठवडेच्या आठवडे. झडप बदललेल्या माणसाला असा ताप आला, तर घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू ओळखायची तपासणी, व्हायच्या आत गोळी घेतली, तर जंतू सापडणं अवघड होतं.

काकांच्या हृदयाच्या डॉक्टरांना मी फोन केला. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तपासला, उपचाराआधी अँटिबायोटिकचा एक डोस दिला, आणि मगच काम सुरू केलं. आमच्याकडे सुईएवढी बारीक पण टोकाला बोथट अशी सळई असते. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंत जाते. काकांच्या मागच्या दाढेजवळ सातपर्यंत गेली. बाहेर काढली तर खुणांवर रक्त आणि पू. दात आणि हिरडी यांच्यामधल्या या खोल फटीला आम्ही पॉकेट म्हणतो, म्हणजे खिसाच. पायरिया झालेल्या तोंडातले असे सगळे खिसे उलगडून शेजारी ठेवले, तर आठ ते वीस चौरस सेंटिमीटर सुजलेली जागा भरेल, असा एक अंदाज आहे. काडेपेटीच्या वरच्या बाजूएवढी जखम धरा. ती दिवसरात्र उघडी असते, आणि दुखत नाही म्हणून चालवून घेतली जाते.

आता ज्यांच्या झडपा ठीक आहेत, त्यांचं काय? हार्ट अटॅकशी हिरड्यांचा संबंध आहे का? १९८९ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी दाखवलं, की अटॅक आलेल्यांचे दात आणि हिरड्या इतरांपेक्षा खराब होत्या. त्यानंतर असे पुष्कळ अभ्यास झाले. लंडनमध्ये पायरियाच्या १२० रुग्णांवर काम झालं, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांचे खिसे नीट साफ केले, त्यांच्या रक्तवाहिन्या सहा महिन्यांनी जास्त चांगल्या प्रसरण पावत होत्या. हिरडीतली सूज तिथल्या तिथं राहत नाही, रक्तातही तिची खूण उमटते, हे पटण्यासारखं आहे. तरी दात साफ केल्यानं अटॅक टळतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये हेच स्पष्ट केलं. तंबाखू आणि मधुमेह हिरड्याही बिघडवतात आणि हृदयही, त्यामुळे दोष कुणाच्या पदरात किती घालायचा, हे वेगळं काढणं अवघड जातं. माझ्या व्यवसायातल्या कुणी अटॅक टाळण्याची हमी देऊन क्लीनिंग खपवलं, तर मला ते मान्य नाही. हिरड्या बऱ्या करायला हिरड्यांचं कारण पुरेसं आहे.

काकांचं चालू असताना मावशी म्हणाल्या, "माझ्या हिरड्यांतून तर कधी रक्तच येत नाही." मी त्यांनाही खुर्चीवर बसवलं. त्या तीस वर्षं मिश्री लावतात. तंबाखू हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरते. म्हणून रक्त येत नाही, आणि हिरडी वरून घट्ट दिसते. सळई घातली तर दोन ठिकाणी आठ मिलिमीटर. खालचे पुढचे दात जिभेनं हलत होते. मिश्रीनं दात बळकट होतात, असं त्यांना त्यांच्या आईनं सांगितलं होतं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण अशा मावशी मला रोज भेटतात.

आणखी काही गोष्टी. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू असेल आणि हिरड्या फुगून दातांवर चढायला लागल्या, तर डॉक्टरांना सांगा. कधी कधी ते गोळीमुळे होतं. दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आणि चालताना, जिना चढताना खालच्या जबड्यात कळ येते आणि बसलं की थांबते, असं होत असेल, तर ते दुखणं दाताचं नसेलही. माझ्याकडे येण्याआधी ईसीजी काढून घ्या. बसूनही कळ थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

काका आता मऊ ब्रशनं दोन वेळा दात घासतात. पहिले दहा दिवस रक्त आलं, मग कमी होत गेलं. दर तीन महिन्यांनी तपासायला येतात. मावशींची मिश्री दिवसातून चारदा होती, ती एकदावर आली आहे.

नमस्कार.