पक्का: भट्टीतून निघालेला शब्द

नमस्कार मंडळी! आज एका इंग्रजी विशेषणाबद्दल बोलायचंय, आणि ते ऐकल्यावर तुम्ही म्हणाल अहो हा तर आपला शब्द! पक्का. हो, इंग्रजी डिक्शनरीत आहे तो, स्पेलिंग पी यू डबल के ए, उच्चार मात्र जवळजवळ 'पका', म्हणजे कप म्हणताना यू जसा येतो ना तसा. त्यामुळे समोरचा इंग्रज बोलून गेला तरी आपल्या कानाला ओळख पटत नाही, आणि स्पेलिंग बघून वाचायला गेलं की आपणच 'पुक्का' म्हणून बसतो.

इंग्रजीत तो हिंदीतून गेला, आणि त्याच्या मागे आहे संस्कृत पक्व, म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. पाक, पक्वान्न, पिकणं हे सगळं त्याच घरातलं. मला स्वतःला सगळ्यात आवडते ती विटेची गोष्ट. मातीची वीट नुसती उन्हात वाळवली तर कच्ची, भट्टीत भाजली की पक्की, म्हणजे शब्दशः शिजवलेली वीट, आणि मग अशा विटांचं ते पक्कं घर, पुढे पक्की सडक, धुतला तरी न जाणारा पक्का रंग, पक्की पावती, आणि असं करत करत माणसावर येऊन पोचलं, पक्का मुंबईकर, पक्का कोल्हापुरी. स्वयंपाकातला शब्द कुठल्या कुठे गेला बघा!

इंग्रजांना तो वजनातही भेटला. जॉन फ्रायर म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर होता, 1673 च्या आसपास सुरत, मुंबई फिरला, पुढे आपल्या जुन्नरलाही जाऊन आला. त्याचं पुस्तक 1698 ला छापलं गेलं, त्यात तो लिहितो की आग्र्याचा पक्का मण सुरतेच्या मणाच्या दुप्पट असतो. आपल्याकडच्या जुन्या लोकांनाही कच्चा शेर, पक्का शेर आठवत असेलच. पुढे 1886 मध्ये यूल आणि बर्नेल या दोघांनी हॉब्सन-जॉब्सन हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला, त्यात पक्का आहे आणि त्याच्या जोडीला कच्चाही आहे.

मधल्या काळात या शब्दाला एक वाईट वळण लागलं. साहेब लोकांच्या क्लबात 'पक्का साहिब' म्हणजे खानदानी, अस्सल गोरा साहेब, आणि बाकीचे सगळे खालचे. आपला शब्द घेऊन आपल्यालाच बाहेर ठेवायचं, हे मला आजही खुपतं.

पण शब्द तिथे अडकून राहिला नाही. इंग्लंडमध्ये तो साध्या माणसाच्या तोंडी गेला, मस्त, एकदम झकास अशा अर्थाने. 1960 च्या दशकात लेस्टरशायरमध्ये पक्का पाईज नावाची कंपनी निघाली, तिचे गरम पाई, म्हणजे आत सारण भरून भाजलेले, आजही फुटबॉलच्या ग्राउंडवर खातात लोक. आणि 1999 मध्ये जेमी ऑलिव्हर हा तरुण शेफ टीव्हीवर आला तो पदार्थ छान जमला की 'पक्का!' म्हणायचा, म्हणजे फिरून फिरून शब्द परत चुलीपाशीच आला की नाही!

आणि अजून एक, इंग्रजीतला कुक आणि आपला पक्व हे दोघं भाऊभाऊ आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच मूळ धातूपासून निघाले, कुक लॅटिनमार्गे तिकडे गेला, पक्व इकडे राहिला. बिस्किटसुद्धा त्यातलंच, त्याचा मूळ अर्थ दोनदा भाजलेलं.

आता वापरायचा कसा, तर मित्रांत, जेवणाच्या टेबलावर बिनधास्त वापरा, खऱ्या, अस्सल वस्तूला पक्का म्हणा. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र नको, तो बोलीतलाच शब्द आहे, आणि मुख्य म्हणजे ब्रिटिश. अमेरिकेतल्या कलीगला लिहिलात तर तो बहुतेक फोन करून विचारेल, की हे काय लिहिलंयस, आणि मग त्याला विटेपासून सगळं सांगावं लागेल. खुशाल सांगा.