लसीकरणानंतर पिल्ले शिंकू लागली तर

श्रोतेहो, नमस्कार. कोंबड्यांच्या राणीखेत, म्हणजेच मानमोडी, या रोगाची लासोटासारखी जिवंत लस दिल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले शिंकू लागतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि लसीनेच रोग आणला की काय या शंकेने कुक्कुटपालक धास्तावतात. या लसीतील सौम्य विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरात वाढतो आणि त्यातूनच प्रतिकारशक्ती तयार होते. त्यामुळे तीन-चार दिवसांत आपोआप ओसरणाऱ्या हलक्या शिंकांना औषध लागत नाही.

शिंका लांबल्या तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. रात्री पिल्ले निजल्यावर शेडमध्ये काही मिनिटे स्तब्ध उभे राहून कान द्यावा. अधूनमधून शिंक येणे वेगळे आणि प्रत्येक श्वासाबरोबर घरघर ऐकू येणे वेगळे. लस सर्वांना सारखी पोहोचली नसेल, तर सुटलेल्या पिल्लांना तो विषाणू शेजारच्या पिल्लांकडून मिळत राहतो आणि त्रास कळपात फिरत राहतो. लस फवारून दिली असेल आणि फवाऱ्याचे थेंब फार बारीक असतील, तर ते थेट फुप्फुसात उतरून त्रास वाढवतात. मायकोप्लाझ्मा या श्वसनरोग आणणाऱ्या जीवाणूची बाधा आधीपासून असेल, तर ती याच वेळी डोके वर काढते. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या ओल्या तुसातून उठणारा अमोनिया वायू. उभ्या माणसाला तो जाणवत नाही, म्हणून पिल्लांच्या उंचीवर खाली बसून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर पिल्लांच्या श्वासनलिकेला केव्हाच इजा झालेली असते.

उपचाराची सुरुवात तेथूनच करावी. ओले तूस काढावे, झोत अंगावर येणार नाही अशा बेताने हवा खेळती ठेवावी, ब्रुडरचे, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाचे, तापमान एक-दोन अंशांनी वाढवावे आणि पाण्यातून जीवनसत्त्वे व इलेक्ट्रोलाइट द्यावीत. त्रास ओसरेपर्यंत पुढची जिवंत लस शक्यतो लांबणीवर टाकावी. हिरवट हगवण, मान वाकडी होणे किंवा झपाट्याने वाढणारी मरतूक ही लसीची प्रतिक्रिया समजून थांबू नये. पशुवैद्यकांना तातडीने बोलवावे.

प्रतिजैविकांचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. मेलेले पिल्लू पुरण्याआधी पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावे. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांवर पिवळसर पापुद्रा आढळला, तर ई. कोलायसारख्या जीवाणूंचा संसर्ग झाल्याची शक्यता असते; अशा वेळी प्रयोगशाळेतील चाचणीनुसार औषध निवडावे, पूर्ण मुदत द्यावे आणि ते थांबवल्यावर ठरलेले दिवस उलटेपर्यंत पक्षी विक्रीला काढू नयेत.