काचेवरचे महाराज

[ओल्या तेलरंगातला चेहरा, अगदी जवळून. एक अंगठा मिशीवरून फिरतो.]

हा अंगठा राजर्षी शाहू महाराजांच्या मिशीवरून फिरतोय. रंग ओला आहे. मिशीचं टोक केसभर वर सरकलं, वर टांगलेल्या कॅमेऱ्यानं एक फोटो घेतला आणि मघाची मिशी कायमची गेली. आता पुढची.

काचेखाली दिवा, काचेवर रंग, वर कॅमेरा. एका सेकंदात चोवीस चौकटी धावतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं, तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात, मिनिटाला ७२०. कागदावर काम केलं असतं तर मिनिटागणिक ७२० कागद उरले असते. इथं मागं राहते ती एक मळकी काच.

[पत्र्याचं शेड. भिंतीवर जुने ब्रश, जवसाच्या तेलाचा डबा.]

मंगळवार पेठेतल्या एका बोळातलं हे शेड. कलाशिक्षण संपवून बाहेर पडलेली चार-पाच पोरं इथं कोल्हापूरच्या राजकीय पुढाऱ्यांवर एक प्रायोगिक अ‍ॅनिमेशनपट करतायत. संवाद नाहीत, सनावळ्या नाहीत, निवेदकसुद्धा नाही. (ती हौस आम्ही भागवून घेतोय.)

अंगठा मात्र पोरांचा नाही. तो पेंटरमामांचा आहे. सगळी पेठ त्यांना याच नावानं ओळखते.

मामांनी उमेदीची वर्षं सिनेमाचे बॅनर रंगवण्यात घालवली. बोटभर फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन वीस फुटी कापडावर टाकायचे आणि शिडीवर चढायचं. नायकाचा एक डोळाच मामांच्या डोक्याएवढा. जवळून बघितलं तर नुसते फटकारे दिसायचे. रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभं राहिलं, की डोळा आपल्याकडं बघायचा. मग फ्लेक्स आला. व्हीनस कॉर्नर, पद्मा टॉकीज, उमा टॉकीज ही नावं रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहेत. बॅनरवाले पेंटर मात्र नंबर प्लेटी रंगवू लागले, नंतर तेही काम स्टिकरनं नेलं.

[जुनी छायाचित्रं: रंगवलेले पडदे, लाकडी कॅमेरा.]

या गावात सिनेमा आला तोच मुळी पेंटरांच्या हातून. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यांनी रंगवलेला रस्ता प्रेक्षकांना थेट रंगमंचामागं जातोय असं वाटायचं. त्यांना हलत्या चित्रांचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा स्वतःच बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं कॅमेरा पुरा केला, गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ब्रश धरणाऱ्या हातांनी लेथ चालवला, भिंगं बसवली. बाबूरावांनी आडनावाच्या जागी धंदाच लावला: पेंटर.

मामा हे सगळं सांगताना काचेवरची नजर काढत नाहीत. मध्येच पोरगी ओरडते, "मामा, हात हलला!"
"हात न्हाई, काच हलली. टेबलाला ढकललंस तू."

[गंगावेस तालीम. पैलवान लाल मातीत बसतो, उठतो. पुन्हा बसतो.]

महाराजांचे फोटो भरपूर आहेत, त्यामुळे चेहऱ्याची अडचण नव्हती. अडचण होती वजनाची. काचेवरचा माणूस फुग्यासारखा तरंगायला लागतो. महाराज धिप्पाड, स्वतः कुस्ती खेळलेले, खासबागचं मैदान बांधणारे. असा माणूस बाकावर बसतो कसा? पोरं तालमीत गेली. वस्तादांनी एका पैलवानाला पुढं केलं आणि तो बिचारा एका स्टुलावर सबंध सकाळभर बसत-उठत राहिला. भारी माणूस आधी मांडीवर हात टेकतो. मग कंबर खाली जाते, खांदे सगळ्यात शेवटी. बसल्यावर दमभर मान स्थिर होत नाही. मामांनी तिथंच पाकिटाच्या पाठीवर टिपून घेतलं.

कारण प्रसंग बसण्याचाच आहे. १९०२ चा मागासवर्गीयांसाठी नोकरीत पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचं धरण हे शाळेच्या पुस्तकात आहे. पोरांनी चहा निवडला.

[काच. कपातून वाफ वर जाते. ती रंगानं काढलेली नाही, रंग पुसून काढलेली आहे.]

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल निघालं खरं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज आले. लवाजमा बरोबर घेऊन आले, चहा मागवला, स्वतः प्यायले आणि बरोबरच्यांनाही पाजला.

चित्रपटात हा प्रसंग दीड मिनिटाचा आहे. त्यातली चाळीस सेकंदं नुसता कप. बरोबरच्या मानकऱ्यांचे चेहरे कपातल्या चहात उलटे दिसतात आणि एकेक करून चहाच्या रंगात मिसळतात. त्यासाठी मामांनी तपकिरीच्या सहा छटा घोटल्या. तेलात लवंगेचं तेल टाकलं की रंग लवकर सुकत नाही, हा त्यांचा जुना नुस्खा. त्यामुळं शेडला दातांच्या दवाखान्याचा वास येतो. पोरांनी खिडक्यांना काळा कागद लावलाय, कारण ढग आला तरी चौकटीचा उजेड बदलतो.

[चप्पल लाईन. रापी कातड्यातून वळते. आरीनं भोक पडतं.]

छत्रपती ताराराणींची गोष्ट उलटी. त्यांचा खात्रीचा, त्यांच्या काळातला चेहरा पोरांना सापडेना. कावळा नाक्यावरचा पुतळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, पण पुतळ्याची नक्कल करायची नव्हती. म्हणून ताराराणींना चेहराच दिलेला नाही. कोल्हापुरी चपलांच्या कातड्याची कात्रणं आणली, रापीनं घोडा कापला, स्वार कापला, सांधे दोऱ्यानं बांधले. पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून नाचवतात, तोच संस्कार, फक्त इथं बाहुली आडवी झोपवून एकेक पाय हलवायचा.

१७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणी पंचविशीच्या. पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, त्यांनी लढा चालवला. पडद्यावर ती सात वर्षं म्हणजे घोड्याची एकच दौड. दिव्याच्या उष्णतेनं कातडं वाकडं होत गेलं आणि घोड्याची मान आपोआप खाली झुकली. तीच मान ठेवलीय.

[बिंदू चौक. रहदारी. कॅमेऱ्यासमोर धरलेली काच, काचेवर ब्रश.]

तिसरे पुढारी भाई माधवराव बागल. प्रजा परिषदेचे नेते, आणि मुळात चित्रकार. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे त्यांच्या पुढाकारानं डिसेंबर १९५० मध्ये बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. या भागात खऱ्या चौकासमोर काच धरलीय आणि काचेवर एक हात पुतळ्यांभोवती माणसं रंगवत जातो. खादीच्या बाहीतला तो हात बागलांचा. म्हणजे मामांचा. फटकारा बघा: मनगट हलत नाही, खांदा हलतो. वीस फुटी कापडाची सवय आहे ती.

[हॉल. पडदा. अंधारात बसलेले लोक.]

पहिला खेळ गावातच झाला. महाराजांचा चेहरा पुसला जातो, यावर काहींनी हरकत घेतली, थोडी बाचाबाची झाली, पोरांनी दोन चौकटी बदलल्या. पैशांचं गणित अजून बसलेलं नाही. श्रेयनामावलीत पहिलं नाव मामांचं आहे.

[शेड. नवी काच. कोळशानं आखलेले चौकोन.]

आता पुढच्या भागाला माणगाव घेतलंय. मार्च १९२०, अस्पृश्यांची परिषद, शाहू महाराज आणि तरुण आंबेडकर एका मांडवात. समोर गर्दी. गर्दीवरून शेडमध्ये जुंपलीय. पोरांना गर्दी ठिपक्यांची हवीय, वेळ वाचतो आणि दिसतंही छान. मामा ऐकायला तयार नाहीत. "लांबून चालत आलेली माणसं हायत ती. फेटा तरी काढाया नको व्हय?"

पोरांनी हिशेब मांडून दाखवला: प्रत्येकाला फेटा काढायचा तर काम पावसाळ्यापलीकडं जाणार. मामांनी तो कागद बघितला, त्याच्याच पाठीवर फेट्याचे चार प्रकार काढले आणि ब्रश धुवायला घेतले.