चोपन्नाव्या वर्षी पांढरा पट्टा

(पडदा काळा. फक्त आवाज : धप्प. थोडं थांबून पुन्हा : धप्प.)

हा आवाज हाताचा आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात एकदम मॅटवर आपटला की असा आवाज होतो. लालबागच्या उड्डाणपुलावर गाड्यांची रीघ लागलेली असते, तरी तो खाली रस्त्यापर्यंत येतो.

(सभागृह. मुलांची रांग.)

संध्याकाळचे साडेसहा. गिरणगावातल्या एका जुन्या सभागृहात ज्युदोची बॅच भरते. चपला दाराबाहेर, दप्तरं भिंतीशी, आणि मॅटवर पाय ठेवण्याआधी कमरेतून वाकून नमस्कार. रांगेतली बहुतेक मुलं सहा ते दहा वर्षांची. रांग उंचीप्रमाणे नाही, पट्ट्याच्या रंगाप्रमाणे लागते. म्हणून सगळ्यात शेवटी, तिसरीतल्या दोन मुलांच्या पलीकडे, काकू उभ्या आहेत. वय ५४. पट्टा पांढरा, म्हणजे नवशिक्याचा.

(काकू मॅटवर आडव्या. कॅमेरा वरून.)

ज्युदोत सुरुवातीला कुणी कुणाला फेकत नाही. आधी पडायला शिकायचं. जपानीत त्याला उकेमी म्हणतात. पहिला धडा आडवं होऊनच. पाठ मॅटवर, हनुवटी छातीला चिकटलेली, नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि अंगापासून थोडे लांब, तिरके आपटायचे. आपटताना श्वास सोडायचा. मान सैल पडली की डोकं मागे जातं, म्हणून सर दर दोन मिनिटांनी तेच सांगतात. "ताई, हनुवटी आत." सर पस्तिशीचे असतील. काकू "हो सर" म्हणतात आणि पुन्हा पडतात.

(उकिडवं बसून मागे पडणं. मुलं, मग काकू.)

मग उकिडवं बसून. आधी बूड टेकतं, मग पाठ गोल करत मागे जायचं. पाठ सरळ राहिली तर दणका एका जागी बसतो. गोल झाली तर तो अंगभर वाटला जातो, आणि हात आपटल्यानं उरलासुरला जोर हातांतून मॅटमध्ये जातो. मुलांना हे लवकर येतं. बघा ना, त्यांचं बूड मॅटपासून असतंच हातभर वर. शिवाय ती दिवसातून दहा वेळा पडतात, कधी बाकावरून, कधी जिन्यावरून.

मोठ्या माणसाला आधी एक सवय मोडावी लागते. तोल गेला की तळवा आपसूक पुढे येतो आणि सगळा भार मनगटावर जातो.

(काकूंच्या उजव्या मनगटावर कॅमेरा.)

ही टाक्यांची रेघ. दोन पावसाळ्यांपूर्वी, एका स्टेशनच्या ओल्या जिन्यावर.

(शिवाजी पार्क, सकाळ. मल्लखांब.)

मुंबईत मैदानावर लहानपणीच यावं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. शिवाजी पार्कात मल्लखांबाला एरंडेल लावलेलं असतं आणि त्यावर चिमुरडी पोरं खारीसारखी चढतात. तालमीत तर पोर चालायला लागलं की मातीत लोळायला येतं. खाशाबा जाधवांना वडिलांनी पाचव्या वर्षी कुस्तीत घातलं. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकलं, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. मधली एकवीस वर्षं ते पदक घडत होतं. ऑलिंपिकला जायचं असेल तर लवकर यायलाच हवं, त्यात वाद नाही.

पण प्रत्येकाला ऑलिंपिकला जायचं नसतं.

(जुनं छायाचित्र : कानो जिगोरो.)

हे कानो जिगोरो, ज्युदोचे जनक. जन्म १८६०. लहानखुऱ्या अंगाचे होते, शाळेत दांडगी मुलं छळायची. जुजुत्सु, म्हणजे जपानची जुनी झुंजविद्या, शिकायचं त्यांनी मनाशी ठरवलं, पण कुणी शिकवायला तयार होईना. गुरू मिळाले १८७७ मध्ये : फुकुदा हाचिनोसुके. तोवर कानो सोळा-सतरा वर्षांचे झाले होते. आपल्याकडे या वयात एखादा मुलगा क्लासला आला तर लोक म्हणतात, आता काय, दहावी-बारावी सांभाळ. याच मुलानं पाच वर्षांनी, १८८२ मध्ये, तोक्योतल्या एका मंदिरात बारा चटया अंथरून कोदोकान, म्हणजे ज्युदोची पहिली शाळा, सुरू केलं.

(दुसरं छायाचित्र : फुकुदा केइको.)

आणि या फुकुदा केइको, त्याच गुरूंची नात. जन्म १९१३. १९३५ मध्ये खुद्द कानोंच्या आमंत्रणावरून त्या ज्युदो शिकायला आल्या. तेव्हा त्या विशी ओलांडलेल्या होत्या आणि घरी लग्नाचं पाहत होते. त्यांनी लग्न केलं नाही, ज्युदो केलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत नव्वदी उलटून गेल्यावरही त्या शिकवत राहिल्या. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेनं त्यांना दहावा दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची दहावी श्रेणी, दिला, तेव्हा त्यांचं वय ९८ होतं. पाच फूटही उंची नव्हती. फोटोतले हात बघा. पकड बघा.

(सभागृह. काकू भिंतीला टेकून पाणी पितात.)

काकूंना आधी एका क्लासनं सांगितलं होतं, आमच्याकडे फक्त मुलं असतात, तुम्ही योगाला जा. इथे मोठ्यांची वेगळी बॅच नाही, पण नकारही मिळाला नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावली, हाडांची तपासणी करायला लावली आणि पट्टा हातात दिला. मोठ्यांसाठी संध्याकाळी आठनंतर तासभर जागा प्रत्येक क्लासनं राखावी, असं आम्हांला मनापासून वाटतं. ऑफिसातून सुटून, लोकलनं येऊन तोच वेळ उरतो.

(सर एका मुलाची मान धरून दाखवतात.)

घाई मात्र दोन्ही वयांत महागात पडते. जपानच्या शाळांत ज्युदो करताना डोक्याला मार लागून मुलं दगावली आहेत, त्यात नवशिकी बरीच होती. इथे सर लहान बॅचला गळ्याचे फास आणि कोपराचे लॉक शिकवत नाहीत.

(काकूंचा पट्टा सुटलेला. शेजारचा मुलगा गाठ बांधून देतो.)

या मुलाचा पट्टा पिवळा आहे. मॅटवर तो काकूंना सीनिअर. गाठ कशी घ्यायची ते तो दोनदा दाखवतो, डावं टोक वर, मग आतून. तिसऱ्यांदा काकू स्वतः बांधतात.

(काकू मॅटच्या मधोमध, उभ्या.)

सात आठवडे झाले. आडवं पडून झालं, उकिडवं झालं. आज पहिल्यांदा उभ्यानं. मुलं कडेला गुडघ्यांवर बसली आहेत. मोजणी त्यांची, जपानीत; दहाला पडायचं.

इची. नी. सान. शी. गो.

काकू हात छातीवर घेतात.

रोकू. शिची. हाची.

"हनुवटी, ताई."

क्यू.

जू.

(धप्प.)