सिस्टर, तुमचं काय?

श्रोतेहो, नमस्कार. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं. आज तर अख्ख्या मिरजेलाच लोक आरोग्यपंढरी म्हणतात. इथल्या डॉक्टरांची नावं आपल्याला पाठ असतात. पण रात्री तीनला सलाईन संपलं की जिला हाक मारतो, त्या सिस्टरच्या मनाची विचारपूस कोण करतं?

पहाटे एखादा पेशंट दगावतो. सिस्टर नळ्या काढते, अंग पुसते, नातेवाइकांचा आक्रोश ऐकते, कधी शिव्याही खाते. आणि लगेच शेजारच्या कॉटवर जाऊन विचारते, "आजोबा, झोप लागली का?" तोवर सहाची इंजेक्शनं, मग ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरच्या हाती वॉर्ड सोपवणं. ओव्हर देताना ताप, औषधं, लघवीचं माप, सगळं सांगून होतं. तिच्या जिवाला काय झालं, त्याला त्या वहीत रकाना नाही.

महिनोन्‌महिने हेच चाललं की अंगातलं बळ सरतं, कामावरून मन उडतं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. यालाच 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण सतत राहिला आणि आवरला गेला नाही, की असं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं. सिस्टर, तुम्ही मनानं कच्च्या नाही आहात.

म्हणून लागोपाठच्या नाईट, एकटीवर टाकलेला भरगच्च वॉर्ड, हे मेट्रनपुढं मांडाच, आणि चौघीजणी मिळून मांडा. त्यावर प्राणायाम हा उतारा नाही. मृत्यू मात्र कुणाला टळत नाही. अशा वेळी ड्युटी संपल्यावर सोबतिणीजवळ बसा, काय घडलं ते बोला, रडू आलं तर रडा. हसरा चेहरा घेऊन तसंच घरी जाऊ नका.

घरच्यांनाही हात जोडून सांगते, नाईट करून आलेल्या सुनेपुढं डबे आणि धुणं ठेवू नका. आधी तिला झोपू द्या.

झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटलं, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या: १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि चोवीस तास सुरू असल्यामुळं नाईटच्या मधल्या वेळेतही लावता येतो.